काशीचे शस्त्र आणि विषादाची चिकित्सा

मराठी माणसाच्या बोलण्यात काशी दोन रूपांनी येते. एक रूप यात्रेचे: गंगेची कावड, विश्वेश्वराचे दर्शन आणि घरी परतल्यावर मावंदे. दुसरे रूप करवतीचे. संसाराला विटलेल्या, मन उडालेल्या माणसाने काशीस जाऊन करवत घ्यावी, म्हणजे देहाबरोबर दुःखही सरते आणि मोक्ष हाती येतो, अशी समजूत आपल्या पूर्वजांत होती. तिची खूण भाषेत राहिली आहे, आणि काशीकरवत नावाचे देवालय विश्वनाथाच्या परिसरात आजही यात्रेकरूंना दाखविले जाते. विषादाने ग्रासलेल्या जीवाला देण्याजोगे या नगरीपाशी एवढेच होते काय, असा प्रश्न येथे नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या मनात केव्हा ना केव्हा येतोच.

तसे नव्हते, असे या नगरीची दुसरी एक स्मृती सांगते. सुश्रुतसंहितेच्या परंपरेप्रमाणे शल्यतंत्राचा उपदेश करणारे धन्वंतरी म्हणजे काशिराज दिवोदास, आणि सुश्रुत हा त्यांचा शिष्य. जीव राखण्यासाठी शस्त्र कसे धरावे, कोठे धरू नये आणि कोणाच्या हाती देऊ नये, ही विद्या आपले मूळ याच नगरीत सांगते. मनाच्या दुखण्यासाठी मस्तकावर शस्त्र चालविण्याचा प्रश्न आज पुन्हा आपल्यापुढे आला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मेंदूच्या खोल भागात तारा बसवून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याचा उपाय, ज्याला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात, तो २००५ मध्ये टोरांटोहून जगापुढे आला आणि २०२३ मध्ये मुंबईपर्यंत पोचला. या उपायाकडे केवळ विज्ञानाचा चमत्कार म्हणून पाहण्याऐवजी तो कोणत्या इतिहासाच्या शेवटी उभा आहे, हे पाहण्याचा आमचा विचार आहे. त्या इतिहासात एक प्रश्न वारंवार येतो: शस्त्र उचलण्यापूर्वी कोणाला विचारले, आणि कागदावर सही कोणाची होती?

विषाद हा आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्या त्या वर्गातील अग्रगण्य गोष्टींची एक लांब गणना आहे. तीत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये पहिला मान विषादाला दिला आहे. ज्वर नव्हे, अजीर्ण नव्हे, तर खचलेले मन. आज वैद्यक ज्याला नैराश्य म्हणते तो साधा शोक नव्हे. शोकाला कारण असते आणि काळाने त्याची धार बोथट होते. या व्याधीत कारण असो वा नसो, झोप उडते, अन्नाची चव जाते, हातपाय जड होतात, आपल्या माणसांविषयीची मायाही मनात उमटेनाशी होते, आणि हे सर्व आठवडे नव्हे, महिने व वर्षे टिकते. अशा रोग्याला धीर धर म्हणून सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखे आहे.

मस्तक उघडून व्याधी काढण्याची कल्पनाही जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याच्या कथा आहेत. तक्षशिलेत शिकून आलेला हा राजगृहाचा वैद्य. तेथील एका श्रेष्ठीचे मस्तक सात वर्षे दुखत होते आणि इतर वैद्यांनी त्याच्या मरणाचे दिवसही सांगून ठेवले होते. शस्त्र हाती घेण्यापूर्वी जीवकाने त्याला विचारले, की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहणे तुला जमेल काय? श्रेष्ठी हो म्हणाला. मग त्याला मंचकाला बांधून जीवकाने मस्तकाची त्वचा कापली, आतून दोन किडे काढले, ते जमलेल्या लोकांना दाखविले आणि जखम शिवली. सात महिने राहोत, सात दिवसांतच रोगी कंटाळला. प्रत्येक बाजूवर सात सात दिवस काढून तो बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला, की महिने सांगितले नसते तर तू एवढे दिवसही पडून राहिला नसतास.

याच जीवकाची दुसरी कथा खुद्द वाराणसीतील आहे. येथील एका श्रेष्ठीपुत्राच्या पोटात कोलांट्या मारण्याच्या खेळामुळे आतड्याचा पीळ पडला होता. त्याचा पिता राजगृहास गेला आणि राजा बिंबिसाराकडे मागणी करून जीवकाला घेऊन आला. जीवकाने लोकांना दूर केले, पडदा लावला, रोग्याला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोट उघडून त्याने पिळलेले आतडे प्रथम तिला दाखविले, मग पीळ सोडवून ते आत घातले आणि जखम शिवली. या कथांत अतिशयोक्ती किती, हा प्रश्न वेगळा. शस्त्रवैद्याचे आचरण कसे असावे, याविषयी त्या काळची अपेक्षा त्यांत स्पष्ट दिसते. काय सोसावे लागेल ते रोग्याला आधी विचारावे, आणि काय केले ते त्याच्या माणसांना दाखवावे. त्याबरोबरच वैद्याने हिताच्या हेतूने रोग्याला सत्य सांगितले नाही, हेही त्या कथेतच आहे. ही दोन्ही सूत्रे पुढील अडीच हजार वर्षे एकमेकांशी झगडत आली.

सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या भोजप्रबंधातही असाच एक प्रसंग आहे. हा बल्लाळ काशीचा मानला जातो. राजा भोजाच्या असह्य मस्तकशूळावर दोन वैद्य मोहचूर्णाने त्याला बेशुद्ध करून कवटी उघडतात आणि आत वाढलेला मत्स्य बाहेर काढतात. किडा असो वा मत्स्य, कल्पना एकच: डोक्यात काहीतरी शिरले आहे, ते काढले की माणूस पूर्ववत् होईल. विसाव्या शतकातील मोठमोठ्या वैद्यांनाही या कल्पनेचा मोह सुटला नाही, हे पुढे दिसेलच.

मधल्या काळात मनोरुग्णाचा प्रश्न वैद्याच्या हातून निघून सरकारी दप्तरात गेला. कंपनीच्या अमलात १८०९ मध्ये बनारस येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. अमृतराव पेशवे आपल्या उत्तरायुष्यात काशीवास करीत होते, तोच हा काळ. उत्तर प्रदेशातील आग्रा व बरेली येथील अशी इस्पितळे यानंतरची आहेत. पांडेपूर भागातील मानसिक रुग्णालय ही या बनारसच्या संस्थेचीच आजची पायरी होय. आपल्याकडे नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांची जातकुळीही हीच. १८५८ मध्ये राज्यकारभार राणीकडे गेला त्याच वर्षी या विषयावर तीन कायदे झाले. १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याने त्या सर्वांची जागा घेतली आणि स्वातंत्र्यानंतरही तो कित्येक दशके चालू राहिला.

या कायद्यांची यंत्रणा आमच्या वाचकांपैकी अनेकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नातलगाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि त्यांवर मॅजिस्ट्रेटचा हुकूम, एवढ्यावर माणूस इस्पितळात जाई. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलिस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करीत. फायलीत अर्जदाराची, डॉक्टरांची आणि अधिकाऱ्याची अशा सर्वांच्या सह्या असत. ज्याच्याविषयी हे सर्व चाले त्याची सही कोठेच लागत नसे. सही करणारे सारेच निष्ठुर होते असे नव्हे. बहुतेक सज्जनच असतील, आणि आपण एका कुटुंबाचा भार हलका करीत आहोत असेच त्यांना वाटत असेल. परंतु आत जाण्याचा रस्ता जितका रुंद, तितकाच बाहेर येण्याचा अरुंद होता. शहाण्या झालेल्या माणसाला न्यायला घरचे कोणी येईना, आणि हुकूम मागे घेण्याची घाई कोणालाच नसे.

इस्पितळे होती, पण उपचार काय होते? फार थोडे. आणि येथे काशीच्या आसपासच्या भूमीतील एका मुळीची कथा सांगितलीच पाहिजे. सर्पगंधा ही ती वनस्पती. हिंदी प्रांतात तिला छोटा चाँद किंवा धवलबरुआ म्हणतात, आणि बिहारात लोक तिला सरळ 'पागल की दवा' म्हणूनच ओळखत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बी कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिची द्रव्ये वेगळी केली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला, तेव्हा कोठे पाश्चात्त्य जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य काढले.

पुढे जे झाले ते विलक्षण आहे. उन्माद शमविणारी ही मुळी रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत घेणारे काही रोगी खोल विषादात जाऊ लागल्याचे १९५४ पासून नोंदले गेले. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांचा साठा रेसर्पिन रिकामा करते, असे प्रयोगांत आढळले. मग विषाद म्हणजे या रसायनांची उणीव तर नव्हे, असा तर्क निघाला, आणि १९५७ पासून आलेल्या नैराश्यविरोधी औषधांना त्या तर्काने आधार पुरविला. हे समीकरण इतके सरळ नाही, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. तथापि दुसरा धागा पक्का निघाला. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल पडलेल्या सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले आणि ते ससे उठून हालचाल करू लागले. यातून कंपवाताचे कोडे उलगडले आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवातावरील शस्त्रक्रियेतूनच पुढे नैराश्यावरील शस्त्रक्रिया निघाली. गंगेच्या खोऱ्यातील वैदूंच्या झोळीत असलेल्या मुळीचा या कथेशी असा दुहेरी संबंध आहे.

परंतु औषधांच्या आधी वीज आणि शस्त्र आले होते. १९३८ मध्ये रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी विद्युत्झटक्याचा उपचार सुरू केला. भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून योग्य रीतीने दिलेला हा उपचार तीव्र नैराश्यावर आजही सर्वांत गुणकारी उपायांपैकी एक आहे. परंतु तो दीर्घकाळ भूल न देता, रोग्याला धरून ठेवून आणि कधी कधी धाक म्हणूनही दिला गेला. लोकांच्या मनात त्याची जी भीती बसली आहे तिचे मूळ या वापरात आहे.

शस्त्राची कथा याहून दुःखद आहे. १९३५ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. विकृत विचार मेंदूत पक्के बसलेले असतात, त्यांचे मार्ग तोडले की रोगी सुटेल, असा त्यांचा तर्क होता. भोजराजाच्या मस्तकातील मत्स्याची जागा आता तंतूंनी घेतली होती एवढेच. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी या शस्त्रक्रियेचा गावोगाव प्रसार केला, आणि १९४९ मध्ये मोनिझ यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. आपल्याकडे बंगलोरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. गोविंदस्वामी आणि डॉ. बालकृष्ण राव यांनी ती केली आणि १९४४ मध्ये लॅन्सेटमध्ये तिचा वृत्तांत दिला. पुढे मद्रासमध्ये डॉ. राममूर्ती, डॉ. बालसुब्रमण्यम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनावर आक्रमक रोग्यांवर मेंदूच्या खोल भागातील ठिकाणे नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या रोग्यांत मुलेही होती.

अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ही शस्त्रक्रिया झाली. निर्णय वडिलांचा होता. शस्त्रक्रियेनंतर तिचे बोलणे व चालणे जवळजवळ नाहीसे झाले, आणि पुढील सहा दशकांहून अधिक काळ तिने परावलंबी स्थितीत काढला. धन, कीर्ती, उत्तमोत्तम वैद्य, सर्व काही त्या घराजवळ होते. फक्त तिला कोणी विचारले नव्हते. छेदलेला तंतू पुन्हा जोडता येत नसल्याने, झाले ते चुकीचे होते असे कळूनही उपयोग नव्हता. १९५२ नंतर औषधे आली तशी ही शस्त्रक्रिया मागे पडली. मागे उरलेला संशय मात्र दीर्घकाळ टिकला, आणि तो टिकणे योग्यच होते.

आता आजच्या उपायाकडे वळू. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद हे कंपाच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करीत असत. मेंदूतील एक ठिकाण नष्ट करण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना, हे विजेच्या सौम्य स्पंदनांनी तपासण्याची रीत होती. स्पंदने सेकंदाला शंभरच्या आसपास नेली की कंप थांबतो, असे त्यांना आढळले. मग ते ठिकाण नष्ट कशाला करायचे? तार तेथेच ठेवून प्रवाह चालू ठेवला तर? या एका विचाराने मेंदूवरील शस्त्राचा स्वभाव बदलला. जाळणे व तोडणे यांच्या जागी असा उपाय आला की जो कमीजास्त करता येतो आणि बंदही करता येतो.

टोरांटो येथे हेलन मेबर्ग आणि शस्त्रवैद्य आंद्रेस लोझानो यांनी हा उपाय नैराश्याकडे आणला. जर्मन संशोधक ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये मेंदूच्या बाह्यकाचे क्रमवार भाग पाडले होते. त्यांतील पंचविसावा भाग दुःखाच्या वेळी जास्त कार्यरत होतो आणि उपचाराने रोगी सुधारला की शांत होतो, हे मेबर्ग यांना मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले होते. त्यालगत तार बसवून प्रवाह सोडण्याचे त्यांनी ठरविले. डोक्याला चौकट पक्की करून मिलिमीटरच्या हिशेबाने जागा निश्चित करतात, कवटीला दोन लहान छिद्रे पाडतात आणि प्रत्येकातून सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार आत नेतात. तारेचे दुसरे टोक कातडीखालून मानेतून आणून छातीत बसविलेल्या लहानशा यंत्राला जोडतात, आणि ते यंत्र सेकंदाला सुमारे १३० स्पंदने देत राहते. पहिल्या सहा रोग्यांचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व उपाय हरलेल्या त्या सहांपैकी चौघांत सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. शस्त्रक्रिया चालू असतानाच, रोगी जागा असता, प्रवाह सुरू होताच काहींना एकाएकी आतला भार उतरल्यासारखे आणि खोलीतील रंग उजळल्यासारखे वाटले. रोझमेरी केनेडी निवर्तली तीही २००५ मध्येच.

येथे कथा संपली असती तर ती परीकथा झाली असती. पुढील मोठ्या चाचण्यांनी उत्साह जमिनीवर आणला. अमेरिकेत ९० रोग्यांना तारा बसविण्यात आल्या. त्यांपैकी ६० जणांचा प्रवाह चालू ठेवला आणि ३० जणांचा बंद, पण आपला चालू की बंद हे रोग्यांना कळू दिले नाही. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटात २० टक्के, तर दुसऱ्यात १७ टक्के रोग्यांत पुरेशी सुधारणा दिसली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. याच रोग्यांचा प्रवाह चालू ठेवून पाहिले तेव्हा दोन वर्षांअखेर सुमारे निम्म्यांत सुधारणा आढळली, पण तोवर तुलनेसाठी प्रवाह बंद असलेला गट उरला नव्हता. तेव्हा उपाय फोल म्हणावा की त्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो म्हणावे, यावर संशोधकांत वाद आहे. कोणत्या रोग्याला, नेमक्या कोणत्या तंतूंवर, याचा शोध चालू आहे. नैराश्यावरील हा उपाय अजून प्रयोगाच्या उंबरठ्यावर आहे, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

या चाचणीतही जीवकाच्या कथेतील जुना झगडा आहे, पण त्याचे रूप बदलले आहे. रोग्याला सत्य कळत नाही, परंतु ते काही काळ कळणार नाही हे त्याला आधीच सांगितलेले असते आणि त्याने ते मान्य केलेले असते. महिन्यांच्या जागी दिवस ठेवून घेण्याचा अधिकार आता वैद्याला एकट्याला उरलेला नाही.

आपल्या देशातील कायदाही याच दिशेने, पण फार हळू सरकला. १९८७ मध्ये मानसिक आरोग्य कायदा झाला आणि १९९३ मध्ये अमलात आला, तेव्हा १९१२ च्या कायद्याचा अंमल संपला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. त्याने साखळदंड निषिद्ध केले. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना विद्युत्झटके देण्यास त्याने बंदी केली. कलम ९६ मध्ये तो म्हणतो की मनोविकारासाठी शस्त्रक्रिया करायची तर दोन गोष्टी हव्यात: ज्याच्यावर ती व्हायची त्याची स्वतःची, समजून दिलेली संमती, आणि मंडळाची मंजुरी. पिता, पती, पुत्र यांची सही रोग्याच्या सहीच्या जागी चालेल असे त्या कलमात म्हटलेले नाही.

मुंबईच्या जसलोक रुग्णालयात २०२३ मध्ये डॉ. परेश दोशी यांनी परदेशातून आलेल्या एका रोग्यावर नैराश्यासाठी ही शस्त्रक्रिया केली, ती या कायद्याप्रमाणे मंजुरी मिळाल्यानंतर. मंजुरीला महिने लागले. याविषयी दोन मते संभवतात. असह्य यातना भोगणाऱ्याला कागदांसाठी थांबवून ठेवणे क्रूर आहे, असे एक. एका सहीने आयुष्य बंदिस्त करणाऱ्या दीड शतकानंतर थोडा विलंब क्षम्य आहे, असे दुसरे. आमचा कौल दुसऱ्या मताकडे आहे, पण एका अटीवर: तो विलंब विचारासाठी लागलेला असावा, फाइल टेबलावर पडून राहिल्यामुळे नव्हे.

ही अट आम्ही मुद्दाम घालतो, कारण ती आपल्या वर्गाला लागू आहे. कायद्याने नेमलेल्या या पुनर्विलोकन मंडळात अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीशाच्या योग्यतेची व्यक्ती असते, एक मनोविकारतज्ज्ञ व एक अन्य डॉक्टर असतात, मनोविकार भोगलेल्या व्यक्ती, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी असे दोघे असतात, आणि जिल्हाधिकाऱ्याचा एक प्रतिनिधी असतो. ज्या पदाच्या सहीने माणसे आत जात, त्याच पदाला कायद्याने आता ही खुर्ची दिली आहे. तिच्यावर बसणाऱ्याने काय विचारावे? औषधे पुरेशा मात्रेत व पुरेशा काळ दिली होती काय, की अर्धवट उपचारालाच दाद न देणारा रोग म्हटले आहे? झटक्यांचा उपचार आणि मानसोपचार करून पाहिले काय? यंत्राची विद्युत्घटमाला काही वर्षांनी बदलावी लागते, तिचा खर्च कोण सोसणार? प्रवाहाचे प्रमाण पुनःपुन्हा जुळवावे लागते, मग रोगी बदलीच्या गावी गेला तर त्याला कोण पाहणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सर्व रोग्याला त्याच्या भाषेत, त्याच्या जिवाला उसंत देऊन, एकदा नव्हे अनेकदा सांगितले आहे काय?

कारण विषादग्रस्ताची संमती ही नाजूक वस्तू आहे. ज्याची आशाच संपली आहे तो कशावरही सही करील, अथवा कशालाच तयार होणार नाही, आणि दोन्ही उत्तरे रोगाने दिलेली असू शकतात. म्हणून तिला एका दिवसाची सही समजू नये. या उपायाचा मोठा गुण असा, की येथे काही तोडलेले नसते. शस्त्रक्रियेची जोखीम आहेच. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. परंतु प्रवाह उद्या बंद करता येतो. त्यामुळे रोग्याला उद्याही विचारता येते, आणि विचारावे लागते. रोझमेरी केनेडीला कोणी आधी विचारले नाही, आणि नंतर विचारण्याजोगे काही उरले नाही. येथे विचारण्याची दारे दोन्ही बाजूंनी उघडी आहेत.

शस्त्रक्रियेपर्यंत येण्याची वेळ फार थोड्यांवर येते, हेही विसरू नये. बहुतेकांना साधे उपचार वेळेवर मिळाले तर पुरतात. दूरच्या गावी, भाषा वेगळी, सगेसोयरे शेकडो कोसांवर, अशा आपल्यासारख्या घरांत एखादे माणूस गप्प होत जाते आणि त्याचा दोष हवापाण्याला दिला जातो. त्याला बदलीची किंवा तीर्थयात्रेची वाट पाहायला लावू नये. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत सल्ला देते, आणि वाराणसीत पांडेपूरचे रुग्णालय व हिंदू विश्वविद्यालयाचा मनोरोग विभाग आहे. करवतीची वाट दाखविणारी काशी आता भाषेपुरती उरली आहे. जीवकाने ज्या श्रेष्ठीपुत्राला खांबाला बांधले त्याची पत्नी समोर उभी होती आणि काय चालले आहे ते तिला दिसत होते. आजच्या रोग्याला बांधावे लागत नाही. तो जागा असतो, आणि उत्तर देऊ शकतो. ते उत्तर ऐकून घेऊन मगच सही करावी, एवढे आपल्या हाती आहे.